मिठाच्या पाण्यातलं बियाणं

“...मग यात माझी विद्या कुठं कामाला आली, बुवा?”

कोंडिबुवा मठाच्या अंगणात टोपातल्या पाण्यात मीठ ढवळत होते. तळाशी एक बटाटा बसला होता. त्यांनी आणखी एक मूठ मीठ टाकलं.

हे विचारणारे डॉ. मुकुंदराव साधले पायरीवर बसले होते. अडतीस वर्षं त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या विधवा लेकीने, चारूने, नवऱ्याच्या विम्याचे पैसे मोठ्या विश्वासाने गुंतवायला त्यांच्या हाती दिले, त्याला अकरा महिने झाले. अकरा महिने ते कंपन्यांचे अहवाल वाचत होते. पैसे बँकेत तसेच पडून होते.

“नियम अगदी सोपा आहे,” ते म्हणाले. “कमाईच्या मानाने शेअर किती स्वस्त, आणि भांडवलावर नफा किती. या दोन आकड्यांवर यादी लावायची, वरच्या वीस कंपन्या घ्यायच्या. वर्षाने पुन्हा नवी यादी. कारकूनसुद्धा करील!”

“मग करत का नाही?”

“त्या विसांत एखादी बुडणारी निघाली तर? पोरीला काय तोंड दाखवू?”

बटाटा हलकेच वर आला; बियाणं निवडण्याइतकं पाणी आता खारट झालं होतं. बुवांनी बियाण्याचं भात पाण्यात ओतलं. जड दाणे खाली गेले. तरंगणारे पोचट दाणे ते ओंजळीने बाजूला काढू लागले.

“थांबा, थांबा!” मुकुंदरावांनी त्यातला एक दाणा उचलला. “हा तर भरलेला दिसतो.”

“असेल.”

“आणि तळाशी एखादा किडका?”

“तोही असेल.”

“तरी पेरणार?”

बुवा हसले. न भिजवलेलं थोडं भात सुपात घालून त्यांनी ते पुढे सरकवलं. “घ्या मास्तर. तुम्ही पारखून द्या.”

मुकुंदरावांनी चष्मा पुसला. एकेक दाणा ते उजेडात धरू लागले. हा बरा... की मघाचा? खाडीवरून वारा येत राहिला. समोरचे माड धूसर होत गेले, जणू कुणी त्यांच्यावर पाणी फिरवत होतं. सावल्या लांबल्या, आखडल्या, पुन्हा लांबल्या...

त्यांनी मान वर केली. कुंपणापलीकडच्या वाफ्यात बोटभर रोपं डुलत होती.

ते डोळे चोळत उठले. आज वार कोणता, तेही आठवेना. मुठीत निवडलेले सतरा दाणे होते.

“बुवा... हे कधी पेरलंत?”

“तुम्ही निवडत होता तेव्हा.”

“काही रोपं पिवळी पडलीत.”

“पडलीत खरी.”

मुकुंदरावांनी त्या हिरव्या वाफ्यावरून नजर फिरवली. मग अगदी हळू, एखाद्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी विचारलं, “नियम चुकला, तर ती चूक माझीच ना, बुवा?”

“तुमचीच... मूठ उघडा, मास्तर.”