वरून दिसणारी बाग

मुलांनो, जंगल जिथे संपते आणि नदी वळण घेते, तिथल्या उंचवट्यावर एक ससा आपल्या सशिणीबरोबर राहत असे. इतर ससे मिळेल ते खाऊन दिवस काढीत. याने मात्र बाग केली होती. बागेत पेरू होता, सीताफळ होते, पपईची दोन झाडे होती. वांगी, मुळे, भेंडी होती. कुंपणावर दोडक्याचा वेल चढला होता आणि कडेने झेंडू लावला होता. या सगळ्यांच्या मधून, कोणी न बोलावता आलेले तणही होते : घोळ, केना, तांदुळजा, आघाडा, एकदांडी, दुर्वा. सशीण त्यातली काडी वाया जाऊ देत नसे. घोळ आणि तांदुळजा रोजच्या खाण्यात, पोट बिघडले की दुर्वा, पायाला खरचटले की एकदांडीचा पाला. ससा म्हणे, "पेरतो मी एक आणि उगवतं भलतंच." पण खाताना त्याने कधी कुरकुर केली नाही.

आश्विनातल्या एका सकाळी पेरूवर एक कावळा येऊन बसला. त्याने एक पेरू अर्धा खाल्ला, अर्धा खाली टाकला आणि मग तो बोलू लागला.

"ससोबा, बाग चांगली आहे हो तुमची. पण वरून फार गबाळी दिसते."

ससा जन्मात कधी वर गेला नव्हता. आपली बाग वरून कशी दिसते हा प्रश्न त्याला तोवर पडला नव्हता, आणि त्यामुळे त्याला झोपही चांगली लागत असे.

"गबाळी म्हणजे?" त्याने विचारले.

"म्हणजे भाजी कुठली, तण कुठलं, काही कळत नाही. न विंचरलेल्या डोक्यासारखं वाटतं. नदीपलीकडे त्या रानडुकराचं आवार बघा एकदा. तळहातासारखं साफ!"

रानडुकराचे आवार साफ होते, कारण तिथे जे उगवे ते तो मुळासकट खाऊन टाकी. ही गोष्ट कावळ्याने सांगितली नाही आणि सशाने विचारली नाही. आपली तुलना डुकराशी झाली आणि तीत आपण हरलो, एवढेच त्याच्या मनाला लागले.

कावळा दुष्ट होता असे समजू नका. त्याला फक्त मत होते. दुष्टापासून पळून तरी जाता येते. मत असलेला रोज सकाळी पेरूवर येऊन बसतो.

त्याच दुपारी ससा मुळ्यांच्या वाफ्यातली घोळ उपटू लागला. सशीण धावत आली.

"अहो, हे काय चालवलंय?"

"साफसफाई. वरून गबाळं दिसतं."

"वरून? वर कोण राहतं आपलं?"

सशाने घोळीचा आणखी एक जुडगा उपटला.

"हे बघा," सशीण म्हणाली, "चार दिवसांवर आलंय माझं. आपल्याला घुशीसारखी बिळं नाहीत. आपली पोरं उघड्यावर जन्मतात आणि पाल्यात दडून मोठी होतात. सीताफळाखालचा आघाड्याचा कोपरा मी त्यासाठी धरून ठेवलाय. बाकी काय हवा तो घोळ घाला. तिथल्या पानाला हात लावाल तर बघा."

"अगं, त्या कोपऱ्याला कोण हात लावतंय! मला काय एवढंही कळत नाही?"

चार दिवसांत वाफे लख्ख झाले. उपटलेल्या तणाचा ढीग कुंपणाबाहेर पडला. ठरल्याप्रमाणे सीताफळाखाली दोन पिल्ले झाली. मातीच्या रंगाची, मुठीएवढी, उघड्या डोळ्यांची. ढेकळे पडून राहावीत तशी ती पडून राहत.

"हलायचं नाही, हे त्यांना पोटातूनच शिकवून पाठवलंय," सशीण म्हणाली. "बाकीचं आघाडा बघून घेईल."

दुसऱ्या सकाळी कावळा आला. त्याने बागेवरून दोन घिरट्या घातल्या आणि पेरूवर बसून मान डोलावली.

"वा! आता बाग म्हणायची. फक्त तो सीताफळाखालचा पुंजका तेवढा नव्या धोतरावरच्या डागासारखा दिसतो. डुक्कर कालच हसत होता, 'सशाला दम लागला वाटतं' म्हणून."

"तिथं पोरं आहेत माझी," ससा म्हणाला.

"असतील," कावळा म्हणाला. "वरून काही दिसत नाहीत."

आता खरे तर हे ऐकून सशाने बायकोच्या पाया पडायला हवे होते. पण त्याला ती तक्रार वाटली. आपल्याला दोन देखणी पिल्ले झाली आणि वरून ती कोणाला दिसतही नाहीत, हे काही ठीक नाही, असे त्याच्या मनाने घेतले.

ऊन वर आल्यावर सशीण पाणी प्यायला नदीवर उतरली. "लक्ष ठेवा," एवढे ती सांगून गेली. सशाने लक्ष ठेवले. लक्ष ठेवता ठेवता त्याने पुढे वाकलेला एक आघाडा काढला. एक काढल्यावर ती बाजू उघडी पडली, म्हणून दुसरी बाजू सारखी केली. मग मधलाच पट्टा विचित्र दिसू लागला, म्हणून तोही उपटून सगळे कुंपणाबाहेरच्या ढिगावर टाकले. कोपरा फारच भुंडा वाटू लागला तेव्हा त्याने कडेचे झेंडू मुळासकट आणून पिल्लांभोवती गोल लावले. पानाभोवती रांगोळी काढावी, तसा केशरी गोल झाला, आणि मधोमध ती दोघे जशीच्या तशी बसून राहिली. ससा दोन पावले मागे सरला. आपल्या हातून इतके सुबक काम पूर्वी झाले नव्हते, असे त्याला वाटले.

मातीवरून एक सावली सरकत गेली. सशाने वर पाहिले. घार होती.

सशाच्या रक्तात हजार पिढ्यांचे एकच शहाणपण असते : सावली दिसली की पळ. पण हा ससा गेले चार-पाच दिवस कोणीतरी वरून बघावे म्हणून राबत होता. घारीने एक फेरी घातली. मग दुसरी, अंमळ खालून. हिला बाग आवडलेली दिसते, असे त्याला वाटले, आणि कलंडलेला एक झेंडू त्याने घाईघाईने सरळ केला.

तिसऱ्या फेरीत घार खाली आली. वर गेली तेव्हा गोलात एकच पिल्लू उरले होते. ते हलले नाही. त्याला तसेच शिकवलेले होते.

ससा धावला, पण पिल्लाकडे नव्हे, कुंपणाबाहेरच्या ढिगाकडे. मूठभर आघाडा आणून पिल्लू झाकावे म्हणून. ढीग उन्हाने वाळून एकात एक गुंतला होता. ससा दातांनी ओढत होता आणि घार पुन्हा वळली होती. तेवढ्यात नदीकडून सशीण बाणासारखी आली आणि पिल्लावर पडली. घारीच्या नखांत तिच्या पाठीची कातडी गेली, पण पिल्लू राहिले.

उन्हे उतरल्यावर सशीण उठली. उंचवट्याच्या उतारावर टाकळा दाट माजला होता. पिल्लाला पुढे घालून ती हळूहळू तिकडे निघाली. पाठीतून रक्त येत होते. लावायला बागेत एकदांडीचे एक पान उरलेले नव्हते.

"मी येऊ का?" सशाने विचारले.

ती ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही जाल तिथं वाट पडते. आणि वाट वरून दिसते."

टाकळा हलला आणि मिटला. ससा बराच वेळ तिकडे बघत होता, पण ती दोघे कुठे आहेत ते त्याला ओळखता आले नाही.

सकाळी कावळा आला. "आता कसं, एकसारखं दिसतं," म्हणाला आणि दुसऱ्या बागेकडे उडून गेला. त्याला पुष्कळ बागा बघायच्या होत्या. भाज्या आल्या, पेरू पिकून गळू लागले. ससा त्यांना तोंड लावीत नसे. पाऊस सरला होता; पुढच्या मृगापर्यंत त्या जमिनीत आपोआप काही उगवणार नव्हते. तरी तो रोज उजाडताच सीताफळाखाली जाई आणि मातीला नाक लावून बघे, एखादे तण तरी डोके वर काढते आहे का.

तात्पर्य : ज्याला आपल्या घरात राहायचे नाही, त्याच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून घर आवरू नये; आवरायचेच असेल, तर आत कोण निजले आहे ते आधी पाहावे.