पाथरीचं मूळ

फार फार जुनी गोष्ट आहे बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुमच्यासाठीही! एका गावात हैबती नावाचा शेतकरी होता. त्याच्या पिकात तणाची काडी सापडायची नाही. बांध तर असे गुळगुळीत, की मुंगीचा पाय घसरावा.

एकदा त्याच बांधावर पाथरी उगवली. जमिनीला चिकटलेली कातरलेली पानं आणि वर इवली पिवळी फुलं. हैबतीच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं ती उपटली; आठ दिवसांत बाई परत हजर. खुरपं घातलं, तरी परत हजर!

बायको गिरजा म्हणाली, "अहो, पानं खुडून आणा, मी भाजी करते. मुळाशी कशाला वैर? माझी आई म्हणायची, पानं आपली, मूळ मागून येणाऱ्याचं."

"तुझ्या आईचा बांध पाहिलाय मी," हैबती म्हणाला. "त्यात शेळी हरवायची!"

त्यानं कुदळ घेतली. हातभर खणलं, तरी मूळ संपेना. शेवटी ते मध्येच तुटलं. हैबतीनं घाम पुसला, खड्डा बुजवला आणि वर भलामोठा धोंडा लोटला. "ये आता वर!" म्हणाला. एवढ्यावर थांबला तर तो हैबती कसला? घरोघर फिरून त्यानं साऱ्या गावाला बांध खणायला आणि मुळं जाळायला लावली.

दोन वर्षं गेली. दुष्काळ पडला, शिवारात हिरवं पान उरलं नाही. नेमकी तेव्हाच हैबतीची सून बाळंत झाली. नात झाली, पण सुनेला दूध येईना. रडून रडून पोरीचा आवाज बारीक झाला.

सुईण म्हणाली, "पाथरीची भाजी घाला हिला. दुसरं काही मला ठाऊक नाही."

हैबती बांधोबांध धावला. पण बांध सगळे स्वच्छ, त्यानंच तर केले होते! "आग लागो माझ्या हातांना," म्हणत तो त्या धोंड्यावर मटकन बसला.

बसला, आणि पाहतो तर काय! धोंड्याच्या कडेनं हिरवी पानं बाहेर आली होती, वर दोन पिवळी फुलं. हैबती ढसाढसा रडला. "बाई गं, मी तुला गाडलं, अन् तू माझ्याच नातीसाठी थांबलीस?"

त्यानं हलक्या हातानं पानं खुडली. मुळाला बोट लावलं नाही. रोज थोडी पानं, रोज वाटीभर भाजी. पाचव्या दिवशी नात पोटभर प्यायली आणि आईच्या कुशीत गाढ झोपली.

हैबतीनं धोंडा बाजूला सारला. पुढे शेजारीण परडी घेऊन आली; तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. हैबती म्हणाला, "पानं ने वहिनी, पण मूळ राहू दे. ते मागून येणाऱ्याचं."

गिरजा पदराआड हसली. "हे कुणाची आई म्हणायची हो?"

तात्पर्य : आज जे नकोसं वाटतं त्याच्याही मुळावर उठू नये, उद्या त्याच्याच दारी पदर पसरावा लागेल.