तळं मागायला आलेला राजा

एकदा काय झालं, एका राजाला डोंगरावरचं तळं हवंसं झालं.

डोंगराच्या माथ्यावर धामणवाडी नावाचं गाव होतं आणि गावाच्या मधोमध होतं हे तळं. इतकं नितळ, की आभाळानं त्यात तोंड बघावं. वाडीतली माणसं तळ्याला लेक म्हणायची. श्रावणात तिची ओटी भरायची, बरं का.

खाली सपाटीवर राजा वीरधवल राहायचा. एकदा तो शिकारीला वर आला आणि तळ्याकाठी टेकला. गार वारा आला. राजाला इतकी गाढ झोप लागली, की विचारू नका. जागा झाला तो म्हणतो कसा, "हे तळं माझ्या राजवाड्याच्या अंगणात हवं!"

वाडीची कारभारीण होती ठकूबाई. सत्तरीची, पण आवाज असा, की समोरच्या डोंगरानं ओ द्यावी. ती म्हणाली, "महाराज, तळं गेलं तर वाडी उठली म्हणून समजा. पाण्याविना आम्ही जायचं कुठं?"

राजा काही ऐकेना.

मग त्यानं शंभर माणसं घागरी देऊन पाठवली. घागरी काठोकाठ भरल्या, माणसं डोंगर उतरली. राजवाड्यात बघतात तो काय, घागरी कोरड्या ठणठणीत! पाणी वाटेतूनच उड्या मारत घरी परतलं होतं.

मग राजानं बांध फोडायला बेलदार पाठवले. त्यांनी बांध फोडला. पण पाणी हलेचना! भिंतीसारखं ताठ उभं राहिलं आणि आतले मासे बेलदारांकडे टकामका बघायला लागले. बेलदार पहारी टाकून पळाले.

मग राजा स्वतःच तलवार घेऊन आला.

"लेक अशी मागतात होय?" ठकूबाई म्हणाली. "आमच्यात रीत आहे. लेक मागायला येणाऱ्यानं तीन दिवस तिच्या घरी राबायचं. तो तिला आवडला, तर ती आपल्या पायांनी जाईल."

"मी राजा आहे!"

"असाल की. टोपली उचलता येते का, ते बघू."

सगळी वाडी फिदीफिदी हसली. राजाचे कान लाल झाले. त्यानं तलवार खाली ठेवली.

शेजारीण ठकूबाईच्या कानाशी लागली. "आत्या, अगं, आणि खरंच आवडला तर?"

"तर जाईल," ठकूबाई म्हणाली. पण तिनं वळून एकदा तळ्याकडे बघितलं.

पहिल्या दिवशी राजानं तळ्यातला गाळ उपसला. हाताला फोड आले. ठकूबाईनं त्यांवर हळद लावली, नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. राजानं पाच भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोडलेला बांध दगडावर दगड रचून नीट केला. दगड वाकडा बसला, की पोरं ओरडायची, "राजाभाऊ, पुन्हा!" आणि राजा पुन्हा बसवायचा.

तिसऱ्या दिवशी तो कोळ्यांबरोबर जाळं ओढायला गेला. काठावर परतला, तर दोन बायका हातघाईवर आलेल्या.

"आज तो आमच्याकडं जेवणार!"

"का गं? मी काय उपाशी ठेवणार आहे त्याला?"

राजा बघतच राहिला. राजवाड्यात बत्तीस पक्वान्नं असायची, पण पानावर तो एकटाच असायचा.

चौथ्या दिवशी सकाळी सगळी वाडी काठावर उभी राहिली. राजानं घागर बुडवली. पाणी मुकाट्यानं आत शिरलं. आणि काय सांगू, सगळं तळं लाटांचा घोळ आवरत उठलं आणि राजाच्या पायाशी येऊन थांबलं. निघायला तयार!

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ठकूबाई म्हणाली, "न्या, महाराज. शब्द म्हणजे शब्द."

राजानं तळ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि घागर हळूच पाण्यात उलटी केली.

"हिला नाही न्यायचं," तो म्हणाला. "मलाच ठेवून घ्या. घरजावई म्हणून."

मग काय आरोळी उठली म्हणता! सात डोंगरांनी ती झेलली. तळं धावत आपल्या जागी गेलं आणि असं उसळलं, की छपरांवर मासे पडले!

राजानं राज्य धाकट्या बहिणीला दिलं. तिनं ते झकास चालवलं. राजानं तळ्याकाठी झोपडी बांधली. ठकूबाई बजावून म्हणाली, "जावईबापू, आराम नाही हं. उद्या गाळाची पाळी तुमची." आणि राजा टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर!

अशी ती सगळी गुण्यागोविंदानं राहिली. चला, पाय गोधडीत घ्या. मिटा डोळे, सोन्यांनो.