सात पावलांवरची टिटवी

“मग या टिटवीला आई कशी म्हणायची, बाबा?” श्रीरंगनं विचारलं.

बुऱ्हाणबाबा दर्ग्याच्या ओट्यावर गोधडीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

श्रीरंग शहरातला, कॉलेजात पहिला येणारा. तळ्याकाठच्या या फकिराला पाखरांचं फार कळतं असं ऐकून तो शिकायला आला होता. पण आल्यापासून तोच बाबांना शिकवत होता. बाबाही निमूटपणे मान डोलवायचे.

तळं आटलं होतं. मधे एक डबकं तेवढं उरलं होतं. जवळच्या उघड्या खड्यांवर टिटवीनं चार अंडी घातली होती.

श्रीरंगनं वही उघडून वाचून दाखवलं. मादी निष्काळजी. दोन तासांत एकदाही अंड्यांवर बसली नाही. नुसती ओरडत घिरट्या घालते.

“तू कितीसा लांब होतास?”

“सात पावलं. छत्री तिथंच रोवून आलोय, पाणी पिऊन परत जातो.”

बाबांच्या हातातली सुई थांबली. ते उठले आणि अनवाणीच उन्हात चालू लागले. म्हातारा एवढा झपाझप चालतो हे श्रीरंगला ठाऊकच नव्हतं.

बाबांनी छत्री उपटली, मिटली आणि ते त्याला घेऊन लांब बांधाआड जाऊन बसले.

“जमिनीवर हात ठेव.”

श्रीरंगनं ठेवला आणि चटकन उचलला. तळवा लाल झाला होता.

“ठेव की. दोन तास.”

श्रीरंगनं तळव्याकडे पाहिलं, मग लांबच्या त्या अंड्यांच्या दिशेला.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग टिटवी डबक्यात उतरली. पोटाची पिसं पाण्यात बुडवून ती धावतच निघाली आणि थेट अंड्यांवर जाऊन बसली. थोड्या वेळानं उठली, पुन्हा डबक्यात गेली, भिजून परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली.



“बाबा... अंडी वाचतील का?”

“मला काय ठाऊक, लेका? ती अजून बसतेय.”

श्रीरंगनं खाली मान घातली. वहीतलं ते पान धरलं आणि फाडायला लागला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. हळूच, पाखरू धरावं तसं.

“राहू दे. ती कुठं होती ते लिहिलंस. आता तू कुठं होतास, ते लिही.”