शेवटच्या सामन्यातले आठ जण

"मग हा हात आता कशाला ठेवायचा, बाबा?"

सुदाम खरमाटेने उजवा खांदा पुढे केला. टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर लतीफशा फकीर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. खांद्याला हात लावला नाही.

सुदाम जत तालुक्यातला. शाळेत भाला फेकायचा. त्याच हाताने त्याला अमेरिकेत नेलं. तिथे बेसबॉलच्या एका व्यावसायिक संघात तो बारा वर्षं पिचर होता, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. मग खांद्यातला स्नायू फाटला. दोनदा ऑपरेशन झालं. संघाने त्याला मोकळं केलं. आता त्या हाताने कळशीसुद्धा उचलवत नव्हती.

"तुमच्याकडे दुखणी बरी होतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव."

"हं..." फकिरांनी त्याच्या हातावर चार दाणे ठेवले. "तुझा सगळ्यात चांगला दिवस सांग."

सुदाम ताठ बसला. "संघातल्या सातव्या वर्षी. समोरचे सत्तावीस जण फलंदाजीला आले. एकोणीस जणांना मी एकट्याने बाद केलं. लोक उभे राहून माझं नाव ओरडत होते."

"आणि बाकीचे आठ?"

"ते? सोपे चेंडू होते. कुणीतरी अडवले, झेलले."

"कोणी?"

"...आठवत नाही."

फकीर सोलत राहिले.

"आता सगळ्यात वाईट दिवस."

सुदामने हातातले दाणे पायरीवर ठेवले.

"शेवटचा सामना. दुसऱ्याच डावात खांद्यात काहीतरी तुटलं. प्रशिक्षक मला बदलायला मैदानात आले, चेंडू मागायला हात पुढे केला. मी दिला नाही."

"का?"

"मी कधीच दिला नव्हता, बाबा! फेकत राहिलो. चेंडूत जोरच नव्हता. जो येईल तो मारायचा. चेंडू अडवायचं सगळं काम मैदानातल्या माझ्या आठ साथीदारांवर पडलं."

"ते आठ जण काय करत होते?"

"पळत होते. केन्जी गुडघ्यांवर घसरून चेंडू अडवायचा. मार्कसचं बोट सुजलं होतं, तरी त्याने हातमोजा काढला नाही. मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यात लुईस... तो मला शिव्या देत होता आणि पळतही होता. आणि पेद्रो. एक चेंडू पार कुंपणाच्या भिंतीकडे गेला. पेद्रो मागे न बघता पळाला आणि भिंतीवर आदळला. खाली पडला, पण हात वर केला. चेंडू हातात होता."

तो थांबला. आपण काय बोललो, हे जणू त्यालाच कळलं नव्हतं.

"तरी हरलो आम्ही," तो म्हणाला. "मी खाली मान घालून निघून आलो. त्यानंतर कुणाला भेटलो नाही, कुणाची विचारपूसही केली नाही."

फकिरांनी आणखी एक शेंग फोडली.

"बाबा, मला काही समजेना. जिंकलो त्या दिवसातलं एकही तोंड आठवत नाही. हरलो तो दिवस रोज दिसतो. मग चांगला कुठला? माझं नेमकं काय मोडलंय? तुम्ही हात तरी लावून बघा..."

लतीफशांनी मांडीवरची टरफलं झटकली. ते पुढे वाकले.

"तो भिंतीवर आदळला ना... त्याला फार लागलं होतं का रे?"