पंधरा पावलांची दोरी

“आजा, यातली सगळ्यात लांब मारणारी कोणती?” दामसिंगने तिसऱ्यांदा विचारलं.

वेस्ताआजा मांडीवर अंबाडीच्या तंतूंची दोरी वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

सातपुड्याच्या त्या पट्ट्यात कामठ्याला, म्हणजे बांबूच्या मोठ्या धनुष्याला, दोरी हवी असली की लोक या म्हाताऱ्याकडे येत. एके काळी तो स्वतः नावाजलेला शिकारी होता. आता फक्त दोऱ्या वळायचा.

खुंटीवर चार दोऱ्या लटकत होत्या. एक बांबूच्या सालीची, एक आतड्याची तात, एक अंबाडीची घट्ट पिळलेली बारीक. चौथीही अंबाडीचीच, पण जाड आणि मऊ. तिच्या दोन्ही टोकांजवळ मेंढीच्या लोकरीचे गोंडे बांधले होते.

“ही पाळण्याची दिसते,” दामसिंग म्हणाला.

आजा हसला नाही.

दामसिंगला आपल्या नेमाचा गर्व होता, आणि तो अगदीच फुकटचा नव्हता. सत्तर पावलांवरून तो झाडावरचं फळ पाडायचा. पण फळ जागचं हलत नाही.

आठ दिवसांपूर्वी, पहाटे, गावाबाहेरच्या मोहाच्या एकट्या झाडाखाली एक रानडुक्कर फुलं खायला आलं होतं. दामसिंगने सत्तर पावलांवरून बाण सोडला. तो मागच्या पुठ्ठ्यात बसला. डुक्कर बाणासकट पळालं, आणि वाटेत त्याला खेत्या भेटला. खेत्या म्हणजे दामसिंगच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्या हातात फुलं वेचायची टोपली तेवढी होती.

आता खेत्या दामसिंगच्याच घरी खाटेवर होता. मांडी हाडापर्यंत फाटलेली.

डुक्कर मात्र जिवंत होतं आणि रोज पहाटे त्याच झाडाखाली येत होतं. बायका फुलं वेचायला जाईनात. वर्षाची बेगमी जमिनीवर कुजत होती. गावाने दामसिंगला एवढंच सांगितलं, की तू जखमी केलंस, तूच संपव. बहिणीने तेवढंही सांगितलं नाही. ती त्याच्याशी बोलायचीच थांबली होती, आणि त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

दामसिंगच्या मते दोष दोरीचा होता. जुनी दोरी ढिली पडली, बाण उशिरा पोचला, तेवढ्यात डुक्कर हललं. दोरी जलद असती तर खेत्या आज हिंडताफिरता असता. हे त्याने आजाला दोनदा समजावून सांगितलं. आजाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

“सगळ्या चढवून बघ,” शेवटी आजा म्हणाला.

तो उठला. वेलावरचा एक दुधी तोडून त्याने सागाच्या फांदीवरून सुतळीने टांगला. सुतळीचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. मग बाजूच्या खडकाआड, दामसिंगकडे पाठ करून बसला आणि पुन्हा अंबाडी वळायला लागला.

“मार,” तो म्हणाला. “मी बघत नाही.”

दामसिंगला हसू आलं. सत्तर पावलं मोजून तो उभा राहिला. बांबूच्या सालीची दोरी चढवली, कानापर्यंत ओढली, सोडली.

दोरी टणकन वाजली. म्हाताऱ्याने अंगठ्यासकट पाय मागे ओढला. दुधी वीतभर वर उचलला गेला आणि बाण खालून निघून गेला.

...

“तुम्ही ओढलात,” दामसिंग म्हणाला. एरवी तो आजाला अरेतुरे करायचा. रागावला की अहो-जाहो करायचा.

“ऐकू आलं, म्हणून ओढलं,” आजा म्हणाला. “डुकराचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.”

दामसिंगने तात चढवली. ती बांबूपेक्षा जलद होती, आणि तिचा आवाजही जास्त होता. दुधी वर गेला, बाण खालून गेला. पन्नास पावलांवर येऊन त्याने पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

मग अंबाडीची बारीक दोरी. चारींत जलद हीच. आता तो पस्तीस पावलांवर आला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने श्वास धरला आणि सोडली.

दुधी हलला, पण पुरता सुटला नाही. बाण खालचं टोक खरवडून गेला.

“लागला,” दामसिंग म्हणाला.

“कुठे?”

“बुडाला... थोडासा.”

“त्या डुकराला कुठे लागला होता?”

सांगायची गरज नव्हती. गावातल्या पोराटोरांनाही ते ठाऊक होतं.

आजाच्या हाताखाली अंबाडी वळली जात राहिली.

दामसिंग खुंटीपाशी गेला आणि ती पाळण्याची दोरी घेऊन आला. नाइलाज होता. पस्तीस पावलांवरून मारलेला बाण दुधीपर्यंत पोचायच्या आधीच खाली आला आणि मातीत रुतला. आवाज मात्र जवळजवळ झाला नाही. लोकरीच्या गोंड्यांनी तो पिऊन टाकला होता.

म्हाताऱ्याचा अंगठा हलला, पण उशिरा.

दामसिंगने कामठा खाली केला आणि पुढे निघाला. पाचोळा वाजू नये म्हणून पाऊल आधी चवडा मग टाच असं टेकवत. तीस पावलं. पंचवीस. विसावर तो थांबला, पण त्याला काय वाटलं कोण जाणे, आणखी पुढे आला. आता त्याला दुधीवरची लव दिसत होती. म्हाताऱ्याच्या तळव्यावर अंबाडी घासल्याचा आवाज येत होता.

पंधरा पावलं.

त्याने ओढली, सोडली.

बाण दुधीच्या बरोबर मध्ये घुसला. म्हाताऱ्याचा पाय मागे गेला तो त्यानंतर, आणि दुधी बाणासकट वर उचलला गेला.

आजाने वळून पाहिलं.

...

दामसिंग खडकापाशी येऊन उकिडवा बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

“आजा, हिने पंचवीस पावलांपलीकडे काही मारता येणार नाही.”

“नाही येणार.”

“त्या मोहाभोवती उघडं रान आहे. करवंदीची एकच जाळी, पंधरा पावलांवर. फांद्यांत बसून एवढा लांब कामठा ओढता येत नाही. म्हणजे त्या जाळीतच उभं राहायचं.”

“तिथेच.”

“ते फुलं खात खात माझ्यासमोर येईपर्यंत.”

“हो.”

दामसिंगने लोकरीचा गोंडा बोटांत धरला. गेले आठ दिवस तो खेत्याच्या खाटेजवळ गेला नव्हता. जखम उघडून औषध बांधतात तेव्हा तर तो घराबाहेरच जायचा. आता ती मांडी त्याला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसली.

“दुसरी दोरी वळून दे ना,” तो म्हणाला. “आवाज न करणारी, आणि लांब मारणारी.”

“पन्नास वर्षं वळतोय,” आजा म्हणाला. “अजून जमली नाही.”

...

“आणि इतक्या जवळून मी चुकलो तर?”

वेस्ताआजाने पायाच्या अंगठ्याची सुतळी सोडली. दुधी धपकन खाली पडला.

“तर ते तुझ्याच अंगावर येईल.”