मामांचा मुहूर्त

चूक आत्माराममामांची. शर्यतीच्या गाडीला लावायचे धुराचे जाड पाइप त्यांनी न मोजता आणले, आणि ते इंजिनाशेजारच्या फटीत शिरेनात.

"इंजिन थोडं उचलू," मी म्हणालो.

मामा कडाडले, "दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवलंय मी ते! तसूभर जरी हललं, तर गॅरेजातून चालता हो. कॉलेज सोडलेला मला शिकवतोय!"

मी इंजिन साखळीनं छताला टांगलं, बोल्ट सोडले आणि जॅकवरची गाडीच हळूहळू खाली उतरवली. फट रुंदावली, पाइप बसले; मग गाडी पुन्हा वर घेऊन बोल्ट आवळले.

"इंजिन हलवलंस?"

"छे! तुमचा मुहूर्त जागच्या जागी आहे, मामा. गाडी तेवढी हलली."

गाडी न्यायला आलेला तिचा मालक खो खो हसला. मामांनी मला हाकललंच.

आता त्यांच्याकडे पाइप बसवणारं कोणी नाही.